ताईची? कुणाच्या ताईची?

"काय हो बाई, रोज सकाळी अंगणात काय चालतं तुमचं? हवेतल्या हवेत भिंत सारवल्यासारखं?"

आळीतल्या एका वहिनींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ताईची."

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "कुणाच्या ताईची?"

तेव्हापासून आमच्या या उद्योगाला आळीत 'बाईंच्या ताईची' असंच नाव पडलं आहे. मूळ नाव ताई-ची-छ्वान. चीनमधली ही जुनी युद्धकला. हेनान प्रांतात छन घराण्याचं एक गाव आहे, तिथे सतराव्या शतकात तिचा उगम झाला असं मानतात. पुढे १९५६ साली तिथल्या सरकारी क्रीडा खात्याने सामान्य माणसांसाठी चोवीस हालचालींचा सोपा क्रम ठरवून दिला आणि ती बागाबागांतून पसरली. २०२० साली युनेस्कोने तिला आपल्या वारशाच्या यादीत घातलं. माहिती एवढी पुरे, मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. माणसं हे करायला का लागतात?

विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. गुडघे दुखतात. झोप लागत नाही. डॉक्टर म्हणाले काहीतरी हालचाल करा. वेळ जातो. ही सगळी कारणं खरीच असतात. पण माझं मत विचाराल तर त्यांच्या खाली आणखी एक कारण असतं आणि ते कुणी तोंडाने बोलत नाही. पडण्याची भीती!

माझ्यापासूनच सुरुवात करते.

मी रेवदंड्याला राहते. घर वाडीत, म्हणजे नारळी-पोफळींच्या मध्ये. हे २०१४ साली गेले. मुलगी अमेरिकेत. त्यामुळे घरात मी आणि रेडिओ. २०१७ च्या श्रावणात विहिरीकडून येताना शेवाळलेल्या पायरीवरून पाय सरकला, मी हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड चांगलं सांधलं, डॉक्टर खूश झाले, फोटो बघून शाबासकी दिली.

पण हाड सांधलं तरी मी सांधले नव्हते. आधी विहिरीकडे जाणं सोडलं. मग वाडीत जाणं सोडलं. मग पाऊस नसतानासुद्धा देवळात जाणं टाळायला लागले, कारण वाटेत उतार आहे. आंघोळीला जाताना मोरीची कडी लावेनाशी झाले. घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायचे, पायाकडे बघत, एवढीएवढीशी पावलं टाकत. तेहेतीस वर्षं वर्गात दोन बाकांच्या मधून पाठीमागच्या उनाड पोरांपर्यंत तरातरा जाणारी मी! गंमत अशी की जितकं जपून चालावं तितकी माणसं जास्त पडतात. चालणं कमी झालं की पायातली ताकद जाते, ताकद गेली की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते आणि चालणं आणखी कमी होतं. हे चक्र मला तेव्हा कळत नव्हतं. मी समजत होते, मी काळजी घेते आहे.

त्याच सुमारास आमच्या ओळखीच्या एक आजी त्यांच्या वाडीत पडल्या. संध्याकाळी पडल्या आणि सकाळी दूधवाला आला तेव्हा सापडल्या. रात्रभर तिथेच! खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, जगल्या. पण परत घरी काही आल्या नाहीत. मुलाने मुंबईला नेलं. मुलगा, सून दोघं चांगली आहेत, तक्रारीला जागा नाही. मी भेटायला गेले तेव्हा अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आमच्या फणसाला यंदा किती लागलेत गं?"

आमच्या किनाऱ्यावर हे असं आहे. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही आळीत जा, मोठ्या घरांतून एकेक-दोनदोन म्हातारी माणसं. मुंबई इतकी जवळ की पोरं गेली तरी गेल्यासारखी वाटत नाहीत, आणि इतकी लांब की रात्री पडलात तर कुणाला कळत नाही. माझ्या लेकीने फोनवर हळूच विषय काढला होता, "आई, वाडी विकूया का? पनवेलला एक छोटा फ्लॅट घेऊ." तिचं चूक नव्हतं. तेव्हा तब्येत, आयुष्य वाढणं वगैरे मला काही नको होतं. मला माझ्या घरात राहायचं होतं, बस्स.

२०१८ साली लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला फ्रीमाँटला गेले. बाळ झोपलं की जावई मला जवळच्या बागेत सोडायचे. तिथे रोज सकाळी दहा-पंधरा चिनी म्हातारी माणसं एका रांगेत उभी राहून हे करायची. मी बाकावर बसून बघायचे. आठवडाभराने त्यातल्या एका आजींनी मला खूण करून बोलावलं. वयाने माझ्याहून दहा वर्षं तरी मोठ्या असाव्यात. त्यांना मराठी येत नव्हतं हे उघड आहे, मला चिनी येत नव्हतं, आणि इंग्रजी दोघींचंही बेताचंच. (मी मराठी माध्यमातली बी.ए. अमेरिकेत दुकानात गेले तरी जावयांच्या मागे उभी राहते.) त्या आजींनी आधी माझ्या पायांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली, नाही. मग माझ्या डोळ्यांकडे आणि मग समोरच्या झाडाकडे. पायाकडे बघू नकोस, समोर बघ! आयुष्यभर शिकवलं मी, पण इतका नेमका धडा इतक्या कमी शब्दांत मला कधी देता आला नाही.

आता यात करायचं काय असतं, ते सांगते. गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. सगळं वजन हळूहळू एका पायावर न्यायचं, इतकं की दुसरा पाय मोकळा होतो. मग तो मोकळा पाय पुढे ठेवायचा, आधी टाच, मग तळवा, आणि वजन हळूहळू त्याच्यावर न्यायचं. हात त्याबरोबर फिरतात. बघणाऱ्याला हातच दिसतात, पण खरं काम पायांत चाललेलं असतं. नीट विचार केलात तर आपण पडतो ते नेमकं याच क्षणी, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना. उंबरा ओलांडताना, वळताना, मागून हाक आली म्हणून मान फिरवताना. एरवी हा क्षण इतका झटकन जातो की शरीराला तो शिकायची संधीच मिळत नाही. ताईचीत तो लांबवतात. एका पायावर असण्याचा वेळ वाढतो, मांड्या आणि घोटे मजबूत होतात, आणि तळपायाला जमीन ओळखायची सवय लागते. आपला तोल डोळे, कानाच्या आतला भाग आणि पाय-सांध्यांतून मेंदूला जाणारी खबर या तिघांवर असतो. वयाने डोळे मंदावतात, कानही मंदावतो. मग तिसऱ्याकडून जास्त काम करून घ्यावं लागतं.

परत आल्यावर मी अंगणात एकटीच करायला लागले, तेव्हा मासळी घेऊन येणारी आमची कोळीण पाटी उतरवून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हे तर होरीत उभं राहणं झालं." अगदी बरोबर! जंजिऱ्याला गेलेल्या कुणालाही हे पटेल. मी शाळेच्या सहली घेऊन कितीदा तरी राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात गेले आहे. दरवाज्याशी होडी वरखाली होत असते, आम्ही मास्तर मंडळी ताठ उभी राहून एकमेकांना धरतोय, पोरं किंचाळतायत, आणि नावाडी मात्र गुडघे सैल सोडून, एका हाताने पोरांना अलगद पायरीवर चढवतोय. तो पडत नाही, कारण तो ताठ नसतो. आमच्या कोळ्यांना हे कुणी चीनहून येऊन शिकवलेलं नाही. पण आम्ही वाडीतली आणि टेबला-फळ्यापाशी जन्म घालवलेली माणसं होरीत उभी राहिलोच कुठे?

बायका मला म्हणतात, "आम्हाला कशाला व्यायाम? दिवसभर घरात राबतोच की." हे मी तीस वर्षं स्वतःही म्हणत आले. पण बघा, घरकामात आपण सतत पुढे वाकलेल्या असतो आणि घाईत असतो. केर काढा, धुणं, ओट्याशी उभं राहा. पाठ वाकते, नजर खाली जाते, पाऊल आखूड होतं. घरकामाने माणूस दमतो, पण त्याने तोल सुधारतो असं काही मला दिसलं नाही.

दुसरा प्रश्न हमखास येतो. "चिनी कशाला? आपला योग आहे ना!"

आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण अभिमान कशाचा, ते जरा बघूया. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. आमचं आहे म्हणून चांगलं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी आसनं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेले, उपकरणं लावून मोजले, आणि काय सापडलं ते 'योगमीमांसा' नावाच्या नियतकालिकात छापलं. पुण्याला अय्यंगार गुरुजींनी खुर्च्या, दोऱ्या, पट्टे वापरून वाकता न येणाऱ्या माणसांनाही आसनं करता येतील अशी सोय केली. आमच्या आळीत तसं शिकवणारं कुणी असतं तर मी कदाचित तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या वाट्याला आली ती जूनमध्ये शाळेच्या पटांगणावर होणारी योग दिनाची सामुदायिक आसनं. खाली बसायचं, उठायचं, परत बसायचं. माझ्यासारखीला जमिनीवर बसल्यावर उठणं हाच मोठा कार्यक्रम असतो. सूर्यनमस्कार मी पन्नाशीपर्यंत घातले. औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी ते घरोघर पोचवले, त्या पिढीच्या शिक्षकांनी आम्हाला शिकवले. आता मनगट आणि गुडघे दोन्ही नको म्हणतात.

आणि परकेपणाचंच म्हणाल तर लोणचं आपण चिनी मातीच्या बरणीतच घालतो की! सकाळचा चहा कुठून आला? आणि हे गाव तर बंदराचं. चौल-रेवदंड्याला समुद्रातून काय काय आलं आणि इथलं होऊन गेलं, त्याची यादी करायला बसलो तर आपल्या जेवणातली मिरचीसुद्धा बाजूला काढावी लागेल.

इथवर बोलणं सोपं होतं. २०२० नंतर सोपं राहिलं नाही. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या वाड्या आडव्या करून गेलं. टाळेबंदी होतीच. आणि त्याच महिन्यात गलवानला आपले वीस जवान गेले. पुढे २०२१ मध्ये आम्ही चारपाच जणी पुन्हा अंगणात जमायला लागलो, तेव्हा आळीतले एक गृहस्थ फाटकाशी थांबून म्हणाले, "बाई, त्यांनी आपली पोरं मारली आणि तुम्ही त्यांची कवायत करता?" त्यांचा पुतण्या फौजेत आहे. मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं, नेहमीप्रमाणे. मी वर्गात डॉक्टर कोटणीसांबद्दल सांगत असे. सोलापूरचा मुलगा, १९३८ साली चीनला गेला, जपानशी लढताना जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करत राहिला आणि १९४२ साली तिथेच वारला. फ्रीमाँटच्या आजींनी माझ्या कमरेला हात लावून मला सरळ उभं केलं तेव्हा त्यांनी माझा पासपोर्ट विचारला नव्हता. सरकारं आणि माणसं वेगळी, असं मला म्हणायचं होतं. पण त्या गृहस्थांच्या रागामागची काळजीही खरी आहे, ती मी युक्तिवादाने खोडू शकत नाही. ते अजून येत नाहीत. नमस्कार-चमत्कार आहे.

आता थोडं फायद्यांबद्दल. इथे मला जरा कडक बोलायचंय, कारण व्हॉट्सअॅपवर ताईचीने मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं बरं होतं असे निरोप फिरतात. (योगाबद्दलही फिरतात, गोमूत्राबद्दलही फिरतात.) असलं काही वाचून कुणी औषधं सोडू नका. जे मोजून पाहिलं गेलं आहे ते तेवढंच धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यात साठीच्या पुढची सर्वात जास्त. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने १०८ चाचण्या एकत्र करून तपासल्या. माणसं २३ हजारांहून अधिक, सरासरी वय शहात्तर, आणि बहुतेक बायका, म्हणजे आमच्यासारख्याच! व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण पावभर कमी झालं. ताईची करणाऱ्यांत पडणाऱ्या माणसांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी कमी भरली. पण तोलाचे साधे व्यायाम करणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच फायदा दिसला, हेही तिथेच लिहिलं आहे. म्हणजे ताईचीत काही जादू नाही. शंभरातल्या सगळ्यांचं पडणं थांबत नाही, काहींचं थांबतं. मला विचाराल तर हे पुष्कळ आहे.

आमच्यात एक निवृत्त कारकून येतात. त्यांना कंपवात आहे. त्यांच्या मुलाने मला विचारलं, याने बरे होतील का? मी सांगितलं, नाही. पण २०१२ साली अमेरिकेत ओरेगॉनला १९५ कंपवाताच्या रुग्णांवर चाचणी झाली होती. आठवड्यातून दोनदा एक तास, चोवीस आठवडे. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताईची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि ते पडलेही कमी. त्यांचा हात अजून थरथरतो. मात्र पूर्वी वळताना ते जागच्या जागी खिळायचे, आता वजन एका पायावर नेऊन मग दुसरा उचलतात. तेवढ्यासाठी ते सकाळी साडेसहाला येतात, आणि मला वाटतं चहासाठीही.

हो, चहा. दुसरं न बोललेलं कारण तेच. कुणीतरी आपली वाट बघतंय हे कारण. आम्ही आता सातजण आहोत. एखादं माणूस सकाळी आलं नाही की सातला त्याच्या घरी कुणीतरी जातंच. असा नियम आम्ही कधी केला नव्हता, आपोआप पडला. रात्रभर वाडीत पडून राहिलेल्या त्या आजींच्या घरी असं सकाळी साडेसहाला कुणी वाट बघणारं असतं तर? दूधवाल्याच्या आधी तास-दीड तास तरी. आणि मुळात त्या इतक्या एकट्या नसत्या तर संध्याकाळी अंधारात एकट्या वाडीत गेल्याही नसत्या कदाचित.

करायचं असेल त्यांना दोन गोष्टी सांगते, कारण मी त्या चुकून शिकले. वाकलेला गुडघा पावलाच्या बोटांच्या पुढे नेऊ नका आणि गुडघ्यातून वळू नका, कमरेतून वळा. पहिले सहा महिने जवळ खुर्ची किंवा कठडा असू द्या. आणि ताईची सुरू केली म्हणून मोरीत धरायला दांडी बसवायची राहू देऊ नका. पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घ्या, रात्रीचा दिवा लावा, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी गरगरतं का ते डॉक्टरांना विचारा. मी अजून चोवीसपैकी आठच हालचाली धड करते. बाकीच्या येतात, पण सुंदर दिसत नाहीत.

दोन पावसाळ्यांमागे त्याच विहिरीच्या पायरीवर माझा पाय पुन्हा सरकला. या वेळी दुसरा पाय आपणहून मागे गेला आणि सगळं वजन त्याने घेतलं. मी उभीच! छाती धडधडत होती, पण उभी. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात ओरडून सांगायची, तेव्हा इथेही ते लागू आहे.

गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या जत्रेला आम्ही सातातले पाचजण चौलच्या दत्ताला गेलो. टेकडीवर शेकडो पायऱ्या. २०१७ नंतर मी खालूनच हात जोडत होते. चढताना दम लागतो, पण भीती असते ती उतरताना, कारण उतरताना प्रत्येक पावलाला सगळं वजन एका पायावर घेऊन थांबावं लागतं. आम्ही कडेकडेने उतरलो, घाईच्या पोरांना वाट देत, समोर बघत. पाऊण तास लागला असेल. खाली येऊन गरम भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी गुडघे चांगलेच दुखले. हे लेकीला फोनवर सांगितलेलं नाही, आता वाचेल तेव्हा कळेलच.